परागाच्या पोटातलं प्रथिन

जपानमध्ये फेब्रुवारी लागला की हवामानाच्या बातम्यांत पावसापाण्याच्या जोडीला आणखी एक नकाशा दिसू लागतो. सुगी नावाच्या झाडाचे पराग कोणत्या भागात उडायला लागले, उद्या किती उडतील, वारा कुठून असेल, हे त्यावर रंगांनी दाखवलेलं असतं. तो नकाशा बघून लोक मास्क लावायचा का, धुणं गॅलरीत वाळत घालायचं की घरात, हे ठरवतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांची तिथे दर दहा-अकरा वर्षांनी देशभर पाहणी होते. १९९८ साली त्यांच्यात सुगीच्या परागांची ॲलर्जी असलेले १६.२ टक्के होते, २००८ साली २६.५ आणि २०१९ साली ३८.८ टक्के. एका झाडाने इतक्या मोठ्या देशाला दरवर्षी दोन-अडीच महिने शिंकायला लावल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

सुगी म्हणजे क्रिप्टोमेरिया जॅपोनिका. दार्जिलिंगला जाऊन आलेल्या वाचकांनी ही झाडं पाहिलेली असतील. ब्रिटिशांच्या काळात ती तिथल्या डोंगरांवर लावली गेली आणि आज तिथे धुपी या नावाने ओळखली जातात. जपानला मात्र हे झाड घरचं. देवळांच्या आवारात शतकानुशतकं जपलेलं, घरबांधणीला सरळसोट लाकूड देणारं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या टंचाईत तिथले डोंगर बोडके झाले, दरडी कोसळू लागल्या, पूर येऊ लागले. तेव्हा १९५० आणि १९६०च्या दशकांत सरकारने भराभर वाढणाऱ्या सुगीची आणि हिनोकी या दुसऱ्या झाडाची प्रचंड लागवड केली. एकट्या सुगीची लागवड आज सुमारे ४४ लाख हेक्टरांवर आहे. पुढे परदेशी लाकडाच्या आयातीला मोकळीक मिळाली, देशी लाकडाचा भाव पडला, तोडणीचा खर्चही निघेना. झाडं तशीच उभी राहिली. सुगीला भरपूर पराग धरायला तीसेक वर्षं जावी लागतात, त्यामुळे लावणाऱ्यांच्या हिशेबात कधीच न धरलेलं हे पीक त्यांच्या मुलांच्या काळात हाती आलं.

आजाराची पहिली नोंद मात्र जुन्या झाडांखालची आहे. टोकियोच्या उत्तरेला निक्को हे तीर्थक्षेत्र आहे. तिथे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा सतराव्या शतकात लावलेल्या सुगींच्या रांगा आहेत, पस्तीसेक किलोमीटर लांबीच्या. तिथल्या रुग्णालयात काम करणाऱ्या योझो साइतो या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की दर वसंतात चोंदलेलं नाक, लाल डोळे आणि न थांबणाऱ्या शिंका घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते आणि ऋतू सरला की ती ओसरते. होरिगुची आणि साइतो यांनी १९६४ साली सुगीच्या परागांचा हा आजार शोधनिबंधात मांडला. २०२३ साली जपान सरकारने आराखडा ठरवला: दहा वर्षांत पराग सोडणाऱ्या सुगींखालचं क्षेत्र २० टक्क्यांनी घटवायचं आणि तीस वर्षांत परागांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. टोयामा प्रांतात १९९२ साली पराग न धरणारी सुगी सापडली होती. तिची रोपं आता लागवडीसाठी वाढवली जातात.

एवढी जाणीव, एवढी यंत्रणा, तरीही त्या नकाशावर जे मोजलेलं असतं ते असतात कण. माणसाला आजारी पाडतात ती कणातली प्रथिनं. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि प्रथिन थेट हवेत मोजायचं असेल तर ते ओळखून धरणारं काहीतरी स्वस्त, टिकाऊ, हवं तितकं बनवता येणारं हाती असावं लागतं. टोकियोतल्या एका प्रयोगशाळेने त्यासाठी डीएनएचा तुकडा निवडला. डीएनए म्हटलं की आपल्याला आनुवंशिकता आठवते. इथे त्याचा तिच्याशी संबंध नाही. इथे डीएनए हे निव्वळ घडी पडणारं, चिकटणारं रसायन आहे.

आधी परागाकडे जवळून बघू. सुगीचा कण सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाचा, गोल, आणि एका बाजूला छोटा वाकडा कोंब असलेला. त्यातली दोन प्रथिनं मुख्यतः त्रास देतात. क्राय जे १ हे १९८३ साली ओळखलं गेलं, क्राय जे २ हे १९९० साली. ही नावं ठरलेल्या पद्धतीने दिली जातात: वनस्पतीच्या प्रजातीच्या शास्त्रीय नावातली सुरुवातीची अक्षरं आणि शोधाचा क्रमांक. गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या परागातलं मुख्य प्रथिन याच पद्धतीने सायन डी १ झालं. क्राय जे १ परागाच्या बाहेरच्या कवचावर आणि त्या कवचाला चिकटलेल्या, एका मायक्रोमीटरच्या आसपासच्या बारीक कणिकांवर असतं. क्राय जे २ आत, पिठूळ कणांत दडलेलं असतं. कण ओल्या नाकात पडला, फुगला, फुटला की दोन्ही बाहेर पडतात. ज्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडं आधीच तयार झालेली असतात, त्याच्या नाकातल्या पेशी लगेच हिस्टामिन सोडतात. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे.

तीस मायक्रोमीटरचा अख्खा कण बहुधा नाकातच अडतो. त्याच्यावरून सुटलेली बारीक कणिका थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजणाऱ्याच्या हिशेबात ती येतच नाही.

मोजणीचा इतिहास मोठा उमदा आहे. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली हे डॉक्टर स्वतः या आजाराने बेजार होते. उन्हाळी सर्दीचं कारण ऊन की धूळ की ओझोन, यावर वाद चालू असताना त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात, डोळ्यांत आणि ओरखडलेल्या कातडीवर लावून बघितले. वर हवेत पराग किती असतात हे पाहायला त्यांनी चिकट काचा बांधलेले पतंग हजार फुटांच्याही वर उडवले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. नंतर १९५२ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात जॉन हर्स्ट यांनी पिकांवरच्या बुरशीचे बीजाणू पकडायला एक सापळा बनवला, आणि जगभरच्या परागमोजणीला तोच लागू पडला. मिनिटाला दहा लिटर हवा एका अरुंद फटीतून आत ओढली जाते आणि ताशी २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर आदळते. दिवसाची पट्टी ४८ मिलिमीटरची. आठवड्याने ती उतरवायची, दिवसागणिक कापायची, गुलाबी रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून डोळ्यांनी मोजायची. गवताचा पराग गोल, एका भोकाचा. गाजरगवताचा बारीक आणि काटेरी. मोजणाऱ्याचा डोळा तयार व्हायला बराच सराव लागतो.

या मोजणीत महाराष्ट्राचं नाव आहे, आणि ते पुरेसं घेतलं जात नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. शं. त्र्यं. टिळक यांनी हवेतल्या बीजाणूंचा आणि परागांचा अभ्यास उभा केला. टिळक आणि कुलकर्णी यांनी १९७० साली मांडलेलं हवा गोळा करणारं यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने देशभरच्या प्रयोगशाळांत वापरलं गेलं. विजेवर चालणारं, मिनिटाला पाच लिटर हवा घेणारं, एकदा लावलं की आठ दिवस चालणारं. परदेशी सापळा परवडत नव्हता त्या काळात अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध या यंत्रावर झाले.

पण खळ्यावर पोती मोजली म्हणजे धान्य तोललं गेलं असं होत नाही. युरोपातल्या ‘हायालाइन’ प्रकल्पाने हेच तपासलं. म्युनिकच्या येरून ब्यूटर्स यांच्या पुढाकाराने अनेक देशांत हवेतले पराग मोजताना त्याच हवेतलं प्रथिनही मोजलं गेलं. बर्च झाडाच्या एका परागातून सरासरी तीनेक पिकोग्रॅम बेट व्ही १ हे प्रथिन सुटतं असं दिसलं; पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. महत्त्वाची गोष्ट सरासरीची नव्हतीच. एका दिवशीच्या परागांतून दुसऱ्या दिवशीच्या तेवढ्याच परागांपेक्षा दहा पटींपर्यंत अधिक प्रथिन सुटत होतं. म्हणजे ‘आज पराग कमी आहेत’ असं फलक सांगत असताना एखाद्याला खूप त्रास होणं शक्य आहे, आणि तो त्रास त्याच्या मनाचा खेळ नसतो.

हा फरक किती महाग पडू शकतो ते मेलबर्नमध्ये दिसलं. २१ नोव्हेंबर २०१६ची संध्याकाळ. दिवसभर कडक ऊन, राय गवत भर फुलोऱ्यात, आणि अचानक वादळ. वादळाआधीच्या वाऱ्याने पराग ढगांकडे उचलले, तिथल्या ओलाव्याने ते फुटले आणि आतल्या पिठूळ कणांचा मारा शहरावर झाला. एका राय परागात असे सुमारे सातशे कण असतात, हे मेलबर्नच्याच संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिलं होतं. त्या दोन दिवसांत श्वासाच्या तक्रारी घेऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्यांची संख्या नेहमीपेक्षा ३,३६५ने जास्त होती. दहा माणसं दगावली. अनेकांना त्याआधी दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. नंतरच्या अभ्यासात भारत आणि श्रीलंकेत जन्मलेल्यांचं प्रमाण या रुग्णांत लक्षणीयरीत्या जास्त आढळलं. मेलबर्नला मुलं-सुना राहत असलेल्या मराठी घरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे: तिकडे वसंतात नाक गळत असेल तर वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी घरात थांबावं, खिडक्या लावून घ्याव्यात. व्हिक्टोरिया राज्यात आता असे इशारे दिले जातात.

हवेतलं प्रथिन मोजायची पद्धत नाही असं नाही. प्रतिपिंडांवर आधारलेली एलायझा चाचणी आहे आणि हायालाइनचं काम तिच्याच बळावर झालं. पण तिच्यासाठी लागणारी प्रतिपिंडं उंदराच्या किंवा सशाच्या शरीरातून, निदान त्यांच्या पेशींतून येतात. ती थंड ठेवावी लागतात, एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा निघेलच याची खात्री नसते, आणि उत्तर यायला प्रयोगशाळेतले काही तास जातात. चौकातल्या खांबावर लावलेल्या यंत्राला हे झेपणारं नाही.

ॲप्टॅमरची वाट इथून सुरू होते. डीएनए नेहमी दोन धाग्यांचा पीळ असतो असं आपण शिकतो. एकच धागा घेतला तर तो मोकळा राहत नाही. स्वतःच्याच अक्षरांशी जोड्या जमवून घड्या घालतो, फास पाडतो, गाठी मारतो. अक्षरांचा क्रम बदलला की आकार बदलतो. एखादा आकार एखाद्या प्रथिनाच्या एखाद्या खोबणीत घट्ट बसतो. अशा धाग्याला ॲप्टॅमर म्हणतात. तो क्रम कोणता, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळेच करून बघायचे. १९९० साली अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही युक्ती निघाली: कोलोरॅडोत क्रेग ट्युर्क आणि लॅरी गोल्ड, बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शॉस्टाक. तिला सेलेक्स म्हणतात. दोन्ही गटांनी सुरुवात आरएनएपासून केली होती. १९९२ साली रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरणारा अवघ्या पंधरा अक्षरांचा डीएनएचा धागा मिळाला आणि डीएनएही हे काम करतो हे पक्कं झालं.

एक फेरी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीत तपकिरी गढूळ द्रव असतो. ते बारीक चुंबकीय मणी, आणि त्यांच्या अंगावर शुद्ध केलेलं परागप्रथिन बसवलेलं. दुसऱ्या नळीत पाण्यासारखं निर्मळ दिसणारं द्रावण, त्यात डीएनएचे दहा कोटी कोटींच्या घरातले धागे. प्रत्येक धाग्याची दोन्ही टोकं सगळ्यांची सारखी, मधली तीस-चाळीस अक्षरं यंत्राने नियम न पाळता जोडलेली. तीस अक्षरांचे चार अक्षरांत होऊ शकणारे क्रम एकावर अठरा शून्यांहूनही जास्त. म्हणजे एवढा मोठा साठा घेऊनही शक्यतांचा हजारावा हिस्साच नळीत असतो. धागे आधी ९५ अंशांपर्यंत तापवून सरळ करायचे, मग सावकाश थंड होऊ द्यायचे, म्हणजे आपापल्या घड्या घालतात. ते मण्यांत मिसळायचे. थोड्या वेळाने नळी चुंबकाच्या स्टँडमध्ये ठेवली की मणी एका बाजूला गोळा होऊन तपकिरी ठिपका बनतो आणि उरलेला द्रव काचेसारखा स्वच्छ होतो. तो द्रव पिपेटने ओढून टाकायचा. त्यात न चिकटलेले धागे असतात, म्हणजे जवळजवळ सगळेच. मणी पुन्हा धुवायचे, पुन्हा टाकायचे. शेवटी मण्यांवर जे उरले ते उष्णतेने सोडवायचे, पीसीआरने त्यांच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, दोन धाग्यांतला एक वेगळा करायचा आणि पुढची फेरी लावायची. प्रत्येक फेरीत प्रथिन कमी, धुणं जास्त. आठ-दहा-पंधरा फेऱ्यांनंतर नळीत मोजक्या घराण्यांचे धागे राहतात.

सांगायला हे सोपं आहे. करताना पदोपदी फसवणूक होते. काही धागे प्रथिनाला न चिकटता मण्याला किंवा नळीच्या भिंतीलाच चिकटतात. काही धागे चिकटत फारसे नाहीत, पण पीसीआरमध्ये भराभर वाढतात आणि गर्दी करून चांगल्यांना बाहेर ढकलतात. म्हणून मधूनमधून उलटी निवड करावी लागते: नुसत्या मण्यांना, दुसऱ्याच प्रथिनांना चिकटणारे धागे ओळखून फेकून द्यायचे. परागाच्या बाबतीत अडचण आणखी आहे. परागाच्या अर्कात शर्करा, रंगद्रव्यं, एन्झाइम्स यांचा राडा असतो आणि लक्ष्य-प्रथिन त्यातून शुद्ध काढणं हेच वेगळं मोठं काम आहे. शिवाय विद्युतभार. डीएनएवर ऋण भार असतो आणि क्राय जे २ हे धन भाराचं प्रथिन आहे. विरुद्ध भार आपोआप ओढले जातात, म्हणून चिकटणारे धागे सहज मिळतात. नेमके तेवढ्यालाच चिकटणारे मिळणं मात्र त्याच कारणाने अवघड होतं. बर्चचं बेट व्ही १ याच्या उलट, ऋण भाराकडे झुकणारं. तिथे धागे जवळच येईनात अशी तऱ्हा.

टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चर अँड टेक्नॉलॉजीतल्या काझुनोरी इकेबुकुरो यांच्या गटाने एनईसी सोल्यूशन इनोव्हेटर्स या कंपनीच्या संशोधकांबरोबर २०१५ साली क्राय जे २ला धरणारे डीएनए ॲप्टॅमर प्रसिद्ध केले. उद्देश संवेदक बनवण्याचा, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं होतं. इकेबुकुरो यांच्या गटाचं आणखी एक काम मला फार आवडतं. नळीतल्या फेऱ्या संपल्यावर जे धागे मिळतात ते चांगले असतात, सर्वोत्तम असतीलच असं नाही. म्हणून २००५च्या सुमारास थ्रॉम्बिनच्या ॲप्टॅमरवर त्यांनी संगणकात उत्क्रांतीचा खेळ मांडला: चांगल्या धाग्यांचे तुकडे एकमेकांत मिसळायचे, एखाददुसरं अक्षर बदलायचं, नवी पिढी प्रत्यक्ष बनवून तपासायची, त्यातले सरस पुन्हा मिसळायचे. शेतकरी बियाणं निवडतो तीच चिकाटी इथे अणू-रेणूंच्या पातळीवर आहे.

या क्षेत्रात चिकाटी लागते त्याचं कारण वेगळंही आहे. प्रसिद्ध झालेला प्रत्येक ॲप्टॅमर खरा ठरतोच असं नाही. पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा म्हणून एक डीएनए ॲप्टॅमर गाजला होता आणि कितीतरी संवेदकांत वापरला गेला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या ज्युवेन लिऊ यांच्या गटाने २०१९ साली काळजीपूर्वक मोजलं, तेव्हा तो आर्सेनिकला धरतच नाही असं निघालं. ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाच्या ॲप्टॅमरांचीही नंतर बेल्जियममध्ये अशीच फेरतपासणी झाली आणि तेही टिकले नाहीत. त्यामुळे परागाचा कोणताही ॲप्टॅमर दुसऱ्या प्रयोगशाळेने, दुसऱ्या पद्धतीने, दुसऱ्या जंगलातल्या परागांवर तपासल्याशिवाय त्याच्यावर रुग्णाचा औषधाचा डोस सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. ॲप्टॅमरच्या कैवाऱ्यांनाही हे मान्य असायला हवं, कारण आर्सेनिकसारखी आणखी दोन प्रकरणं झाली तर पैसे देणारे पाठ फिरवतील.

खरा उतरला तर मात्र त्याचे गुण मोठे आहेत. अक्षरांचा क्रम ईमेलने पाठवला की जगात कुठेही तोच रेणू यंत्रावर जोडून मिळतो. उंदीर लागत नाही, फ्रीज लागत नाही. कोरडा करून साध्या तापमानाला ठेवता येतो. तापला, विसकटला, तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालतो. प्रतिपिंड एकदा उकडलं की संपलं. धाग्याचं एक टोक सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवून दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू हा रंग जोडला, तर प्रथिन चिकटताच घडी बदलते, मेथिलीन ब्लू इलेक्ट्रोडच्या जवळ येतो किंवा लांब जातो आणि विजेचा प्रवाह बदलतो. असे संवेदक २००५पासून प्रयोगशाळांत चालताहेत. मधुमेहाच्या पट्टीसारखं छोटं उपकरण म्हणूनच कल्पनेतलं राहत नाही. अवघड भाग हवेचा आहे: एका घनमीटर हवेतलं काही पिकोग्रॅम प्रथिन थेंबभर द्रवात उतरवायचं, धूळ आणि धुराची काजळी बाजूला ठेवून. प्रयोगशाळेतला ॲप्टॅमर आणि चौकातलं यंत्र यांच्यामध्ये हे अंतर आहे, आणि ते रसायनशास्त्रज्ञाला एकट्याने कापता येणार नाही. तिथे हवा गोळा करणारे हवेत, सूक्ष्मयंत्रं घडवणारे हवेत, आणि रोज सकाळी रुग्ण तपासणारे डॉक्टर हवेत.

आपल्याकडे सुगी नाही, पण गाजरगवत आहे. भारतातली त्याची नोंद १९५६ साली आर. एस. राव यांनी पुण्यातून केली. आज रिकामा प्लॉट, रेल्वेची कडा, बंद पडलेली गिरणी, पडीक शिवार, कुठेही ते उभं असतं. त्याच्या पार्थेनिन या द्रव्याने कातडी कशी सोलवटते हे पुण्याचे डॉ. लोणकर यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली जगापुढे मांडलं. आणि पार्थेनिनपासून वेगळं, परागातलं प्रथिन नाकाला छळतं: पार एच १ या नावाने ते १९९०च्या दशकात ओळखलं गेलं. म्हणजे ॲप्टॅमरसाठी लक्ष्य तयार आहे. दूर्वा-हराळीचं सायन डी १ तयार आहे. वावळ, वेडी बाभूळ, एरंड यांच्या परागांवर देशात काम झालेलं आहे. पावसाळा सरतासरता गवतं तुऱ्यावर येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळ फुलते. ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या दारातली गर्दीही याच वेळापत्रकाने वाढते.

तरी आपल्या रोजच्या हवेच्या आकड्यात परागांना जागा नाही. २०१५ साली देशात सुरू झालेला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ गोष्टी मोजतो: दोन प्रकारची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. चंडीगडने २०२२ साली आपल्या शहराचं परागांचं कॅलेंडर प्रसिद्ध केलं. तिथल्या पीजीआयच्या आणि पंजाब विद्यापीठाच्या लोकांनी ते केलं. पुण्यात हवेचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा चालवणारी आयआयटीएम आहे, रसायनांची एनसीएल आहे, पेशीविज्ञानाची एनसीसीएस आहे, आयसर आहे, जुनी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. टिळकांनी मराठवाड्यात जे थोडक्या साधनांनी उभं केलं ते या संस्थांना एकत्र येऊन पुढे नेता येईल. सुरुवात ॲप्टॅमरने करू नये. सुरुवात रोजच्या, न चुकता, जाहीर होणाऱ्या परागमोजणीने करावी; ती दोन-तीन वर्षं नीट चालली की कोणत्या प्रथिनामागे लागायचं ते कळेल, आणि मग सेलेक्सची पहिली नळी चुंबकाच्या स्टँडमध्ये ठेवावी. गाजरगवतापासून.

आणि ज्यांना दरवर्षी ठरावीक दिवसांत शिंका, खोकला, डोळ्यांची खाज सुरू होते त्यांना एक विनंती. तारीख लिहून ठेवा, गाव-पेठ लिहा, आसपास काय फुललंय ते लिहा, पाऊस किंवा वारा कसा होता तेही लिहा, आणि ती वही ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. कातडीवरच्या चाचणीत कोणते पराग घालायचे हे ठरवायला त्यांना तिचा उपयोग होतो.